सेनानेतृत्व व विवेक

सेनानेतृत्व व विवेक : सैन्याचे संचालन करताना स्वतःचे व शत्रूचे बळ, वेळ, भूमी, रसद, लोकांची मनःस्थिती आणि युद्धाचे राजकीय उद्दिष्ट यांचे तारतम्य राखून निर्णय घेण्याची सेनापतीची क्षमता. शौर्य व शस्त्रकौशल्य हे सैनिकाचे गुण होत. सेनापतीच्या ठिकाणी ते असावेत, परंतु तेवढ्याने तो सेनापती ठरत नाही. केव्हा लढावे, केव्हा लढाई टाळावी, केव्हा तह करावा आणि जिंकलेल्या मुलखाशी कसे वागावे, या चार प्रश्नांच्या उत्तरांत त्याच्या विवेकाची कसोटी लागते. या गुणाच्या अभावाचे मोल सेनापतीपेक्षा त्याच्या सैनिकांना व प्रजेला अधिक द्यावे लागते.

प्राचीन राजनीतिज्ञांनी या गुणाला अग्रस्थान दिले आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात उत्साहशक्तीपेक्षा प्रभुशक्ती आणि प्रभुशक्तीपेक्षा मंत्रशक्ती श्रेष्ठ मानली आहे. सुन त्झू या चिनी युद्धशास्त्रज्ञाने सेनापतीच्या पाच गुणांत प्रज्ञेचा उल्लेख प्रथम केला. यूरोपात कार्ल फोन क्लाउझेव्हिट्स (१७८०–१८३१) याने युद्ध हे राजनीतीचेच साधन असल्याचे प्रतिपादन केले आणि अपुऱ्या माहितीच्या धुक्यातून सत्य हेरणाऱ्या बुद्धीला व त्या बुद्धीनुसार वागण्याच्या निर्धाराला सेनापतीच्या गुणांत महत्त्व दिले. या तत्त्वांची उदाहरणे दक्षिणेच्या इतिहासात विपुल आढळतात. अहमदनगर, विजापूर, गुलबर्गा व पुणे यांच्या मधल्या टापूत वसलेल्या सोलापूरच्या परिसरात तर तीन शतकांत ती वारंवार दिसून येतात.

सोळाव्या शतकात सोलापूरचा किल्ला हे निजामशाही व आदिलशाही यांच्यातील वैराचे प्रमुख कारण होते. १५२४ मध्ये बुऱ्हाण निजामशाह व इस्माइल आदिलशाह यांची सोलापूर येथे भेट होऊन इस्माइलच्या बहिणीचा विवाह बुऱ्हाणशी झाला. किल्ला आंदण म्हणून मिळावयाचा होता, असा निजामशाहीचा दावा होता. तो मान्य न झाल्याने युद्धांची मालिका सुरू झाली. पुढील चाळीस वर्षांत किल्ल्यासाठी अनेक मोहिमा निघाल्या. दोन्ही राज्यांनी विजयनगरच्या रामरायाची मदत आळीपाळीने घेतली आणि त्यामुळे रामरायाचाच वरचष्मा वाढत गेला. अखेर १५६४ च्या सुमारास हुसेन निजामशाहाने आपली मुलगी चांदबिबी हिचा विवाह अली आदिलशाहाशी करून सोलापूर आंदणात दिले. या सोयरिकीतून सुलतानांची एकजूट साधली व जानेवारी १५६५ मध्ये राक्षस-तागडीच्या (तालिकोटच्या) लढाईत विजयनगरचा पराभव झाला. एका किल्ल्याचा हट्ट सोडल्याने समान प्रतिपक्षाविरुद्ध बळ एकवटता येते, हे उमजण्यास दोन्ही घराण्यांना चार दशके लागली. याच चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध अहमदनगरचा किल्ला लढविला. मात्र प्रतिकाराची मर्यादा ओळखून तिने वऱ्हाडावरील हक्क सोडला व राजधानी वाचविली. लढण्याचे धैर्य व थांबण्याची समज यांचा असा मिलाफ क्वचितच आढळतो.

बळ विपुल असूनही उद्दिष्टाचे भान सुटले म्हणजे काय होते, याचे उदाहरण औरंगजेबाच्या दक्षिणेतील मोहिमांत मिळते. १६८५ मध्ये तो सोलापूरला आला आणि तेथून त्याने विजापूरच्या वेढ्याची सूत्रे हलविली. १६८६ मध्ये विजापूर व १६८७ मध्ये गोवळकोंडा ही राज्ये नष्ट झाली. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांचा वध झाला. बादशाहीचा विस्तार त्या वेळी कळसास पोहोचला होता. सन्मानाने तह करून उत्तरेस परतण्याची ती वेळ होती. पण बादशाहाने संपूर्ण निर्दालनाचे धोरण धरले. १६९५ ते १६९९ या काळात त्याची छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरी येथे (मंगळवेढे तालुका) होती. तिला त्याने इस्लामपुरी हे नाव दिले. छावणी अचल व शत्रू चपळ अशी ही स्थिती होती. १६९५ च्या अखेरीस संताजी घोरपडे यांनी कर्नाटकात दोड्डेरी येथे कासिमखानाच्या फौजेचा पाडाव केला; लगेच १६९६ च्या आरंभी हिंमतखानही मारला गेला. पुढे बादशाहाने एकेक किल्ला घेण्यास आरंभ केला. काही किल्ले किल्लेदारांना रकमा देऊन मिळविले आणि त्यांतील अनेक मराठ्यांनी पुन्हा जिंकले. १७०० मध्ये माण नदीकाठी खवासपूर येथे (सांगोले तालुका) अवेळी आलेल्या पुराने छावणीची मोठी हानी झाली. त्या धावपळीत बादशाहाच्या गुडघ्यास दुखापत होऊन त्यास कायमचे अधूपण आले. १७०७ मध्ये अहमदनगरनजीक तो मृत्यू पावला, तेव्हा युद्ध अनिर्णितच होते. प्रत्येक वेढा स्वतंत्रपणे पाहिला, तर त्यात चिकाटी दिसते. सर्व वेढे एकत्र पाहिले, तर हेतूचा अभाव दिसतो.

तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातील (१८१७–१८) दोन प्रसंग सोलापूरच्या परिसरात घडले. नोव्हेंबर १८१७ मधील खडकीच्या लढाईनंतर दुसरा बाजीराव पाठलाग चुकवीत फिरत होता. वेगाने हालचाल करून शत्रूस थकविणे, ही मराठ्यांची जुनी पद्धत. मात्र या पद्धतीत हालचालीमागे योजना असावी लागते व वळून प्रहार करण्याची जागा नेमकी हेरावी लागते. बाजीरावाच्या भ्रमंतीत जीव वाचविण्यापलीकडे हेतू राहिला नाही. याउलट मौंटस्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने सातारा हाती येताच ११ फेब्रुवारी १८१८ रोजी जाहीरनामा काढून सातारच्या छत्रपतींना राज्य देण्याचे व वतने-इनामे चालविण्याचे आश्वासन दिले. यामुळे पेशव्यांच्या बाजूने लढण्याचे अनेकांचे कारणच नाहीसे झाले. त्याच महिन्यात जनरल स्मिथच्या घोडदळाने आष्टी येथे (मोहोळ तालुका) पेशव्यांना गाठले. सेनापती बापू गोखले यांनी थोड्या स्वारांनिशी हल्ला चढवून आपल्या धन्यास निसटण्यास अवधी मिळवून दिला आणि ते स्वतः रणांगणावर पडले. स्मिथही जखमी झाला. छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. बापूंच्या शौर्याविषयी दुमत नाही. परंतु ज्या नेतृत्वाखाली सेनापतीलाच पिछाडीच्या स्वारांत प्राण द्यावे लागतात, त्या नेतृत्वाचा दोष शौर्याने भरून निघत नाही.

दुसरा प्रसंग सोलापूरच्या वेढ्याचा. टॉमस मन्रो (१७६१–१८२७) हा धारवाडच्या बाजूस मुलकी अधिकारावर असताना युद्ध सुरू झाले. त्याच्याजवळ कवायती फौज अगदी थोडी होती. त्याने स्थानिक शिबंदी उभारली, ठिकठिकाणी अमलदार नेमून सारावसुली आपल्याकडे वळविली आणि रयतेचा विश्वास संपादन केला. बदामी, बेळगाव आदी ठिकाणे घेत तो ९ मे १८१८ रोजी सोलापूरसमोर आला. पेशव्यांची फौज गणपतराव पानसे यांच्या हाताखाली किल्ल्याच्या आश्रयास होती. तीत अरब शिपायांचाही भरणा होता. किल्ल्यास दुहेरी तट असून एका बाजूस सिद्धेश्वर तलावाचे संरक्षण होते. १० मे रोजी इंग्रजांनी पेठ हल्ला करून घेतली. त्यानंतर बाहेरील मराठी फौज आश्रय सोडून निघून जाऊ लागली, तेव्हा जनरल प्रिट्झलरच्या घोडदळाने तिला मोकळ्या मैदानात गाठून तिची वाताहत केली. तोफांच्या माऱ्यानंतर १५ मे रोजी किल्ला स्वाधीन झाला. ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला.

या प्रसंगातील मन्रोच्या यशाचे श्रेय केवळ तोफांना देता येत नाही. मुलूख आधी व किल्ले नंतर, हा त्याचा क्रम होता. किल्ल्यास धान्य, पैसा व माणसे पुरविणारा मुलूखच दुरावला, म्हणजे तट कितीही भक्कम असला तरी प्रतिकार फार काळ टिकत नाही. रयतेच्या काडीलाही हात लावू नये, ही शिवछत्रपतींच्या लष्करी शिस्तीची शिकवण याच जाणिवेतून आली होती. उत्तर पेशवाईत तिचे विस्मरण झाले आणि परकीय सेनानीने आपल्या सोयीसाठी तिचा उपयोग करून घेतला, असे म्हणावे लागते. तथापि अशा विवेकाला नीतिमत्तेचे प्रमाणपत्र मानणे योग्य नव्हे. तो परसत्ता स्थापण्यासाठीही वापरला जातो. त्याच सत्तेने मे १९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या चळवळीत सोलापुरातील प्रक्षोभ शमविण्यासाठी लष्करी कायदा पुकारला व तो जूनअखेरपर्यंत चालू ठेवला. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली. बळाने शहर शांत झाले, लोकमत मात्र कायमचे दुरावले.

वरील उदाहरणांवरून सेनानेतृत्वातील विवेकाची काही लक्षणे निश्चित करता येतात : साध्य व साधन यांचे प्रमाण राखणे, मिळालेल्या यशाची मर्यादा ओळखणे, पूर्वापार चालत आलेली युद्धपद्धती परिस्थिती पाहून वापरणे, सैनिकांचे प्राण अकारण पणास न लावणे, आणि लोकांचा विश्वास हे युद्धाचे मूळ भांडवल मानणे. शस्त्रे व दळणवळणाची साधने बदलली, तरी या लक्षणांत फरक पडलेला नाही. आधुनिक सेनापतीस माहिती विपुल व त्वरेने मिळते. तिच्यातील ग्राह्य कोणते व त्याज्य कोणते, हे ठरविण्याचे काम पूर्वीइतकेच त्याच्या विवेकावर अवलंबून असते.