सुरंजानची मात्रा

‘झाडपाल्याने अपाय होत नाही,’ असे कुणी म्हणाले की मला युनानी हकिमांचा सुरंजान आठवतो. सहाव्या शतकात अलेक्झांडर या ग्रीक वैद्याने हा कंद गाऊटच्या सुजलेल्या सांध्यांवर दिला. १८२० मध्ये पेल्तिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनज्ञांनी त्यातले गुणकारी द्रव्य वेगळे काढले. त्यालाच पुढे कोल्चिसिन म्हणू लागले. ते सूज उतरवते. पण जास्त झाले, तर जीवही घेते. मग द्यायचे किती? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४.८ आणि १.८ मिलिग्रॅम ताडून पाहिले. गुण जवळपास सारखाच. जुलाब मात्र कमी मात्रेत कितीतरी कमी. हकिमांनी कंद ओळखला होता. नेमकी मात्रा चाचणीने सांगितली. म्हणून सुरंजान घरच्या घरी घेऊ नका.