"फरक पडला" म्हणता, पण कशाच्या तुलनेत?

मंडळी, बर्डीवर चहाच्या टपरीवर दहा मिनिटं उभे राहा, एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आमच्या योजनेमुळे फरक पडला." पडलाही असेल. पण तो योजनेमुळेच पडला हे कशावरून? आपण पत्रकारही हा प्रश्न विचारत नाही, छापून मोकळे होतो.

हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. जानेवारी १८९७, मुंबईत प्लेग. वाल्डेमार हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात तयार असलेल्या कैद्यांना दिली. साधारण निम्म्यांनी घेतली, निम्म्यांनी नाही. छप्पर तेच, जेवण तेच. लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला, त्यातले ६ गेले. घेतलेल्यांत २ जणांना झाला, दोघंही वाचले. पण एक शंका उरते. पुढे येऊन लस घेणारे कैदी मुळातच जास्त धट्टेकट्टे असतील तर?

आता विदर्भात या. नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकलेल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' सुरू केली. तिथे हजार बाळं जन्मली की ६० च्या आसपास पहिल्या महिन्यातच जायची. दवाखाना दूर, बाळंतपण घरीच. त्यांनी ३९ गावांतल्या थोड्या शिकलेल्या बायांना तयार केलं. घरी जाऊन बाळाचं वजन करायचं, त्याला ऊब द्यायची, श्वास अडकला तर काय करायचं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन कसं द्यायचं, सगळं शिकवलं. गावातली बाई इंजेक्शन देणार म्हटल्यावर टीकाही झाली.

१९९३-९५ मध्ये या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ होता. १९९७-९८ मध्ये तो २५.५ वर आला.

इथेच थांबले असते तर कोणीही म्हणालं असतं, रस्ते झाले असतील, सरकारी दवाखाने सुधारले असतील, पिकं चांगली आली असतील. पण त्यांनी शेजारच्या ४७ गावांतही जन्म-मृत्यू तसेच मोजले होते. तिथे नेहमीची सरकारी सेवा होती, घरोघरी जाणारी बाई नव्हती. तिथला दर ५८ च्या आसपास होता, तो ६० च्या आसपासच राहिला. काळ तोच, जिल्हा तोच. मग फरक कशाचा, हे सांगायला भाषण लागत नाही.

ही गावं चिठ्ठ्या टाकून निवडली नव्हती, हा या प्रयोगाचा कच्चा दुवा. म्हणून तर "आधी किती होतं" हे दोन्हीकडे मोजणं महत्त्वाचं ठरलं. चिठ्ठीचा प्रयोग पुढे मुंबईच्या महापालिका शाळांत झाला. 'प्रथम'ची बालसखी कोणत्या शाळेत कोणत्या वर्गाला द्यायची हे सोडतीनं ठरलं आणि मुलांचे गुण खरोखर वाढले. ते काम तपासणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, २०१९ च्या नोबेलचे मानकरी.

सोडत शक्य नसेल तेव्हा संख्याशास्त्रज्ञ रिग्रेशन करतात. शिक्षण, उत्पन्न, दवाखान्याचं अंतर, सगळं एका समीकरणात घालून विचारतात की बाकी सारखं असताना योजनेचा वाटा किती? उपयोगी आहे, पण जे मोजलंच नाही ते समीकरणात येत नाही.

एक गोष्ट मनाला लागते. त्या ४७ गावांत बाळं पूर्वीसारखीच जात राहिली, आणि तेही वहीत लिहिलं गेलं. पण ती वही नसती तर ३९ गावांचं यश एका डॉक्टर जोडप्याची पुण्याई ठरून तिथंच संपलं असतं. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि २०११ मध्ये केंद्र सरकारनं आशाताईंमार्फत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर आणला. आज तुमच्या गल्लीतली आशाताई बाळाचं वजन करायला येते, त्यामागे ती वही आहे.

तेव्हा पुढच्या वेळी बर्डीवर कोणी आकडा फेकून राहिला असेल तर तीनच प्रश्न विचारा, भाऊ. आधी किती होतं? जिथे योजना नव्हती तिथे किती झालं? आणि कुठे द्यायची हे कोणी, कसं ठरवलं?

उत्तर आलं तर मलाही कळवा. मी छापीन.