रुमालाखालचा सौदा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझे आजोबा कापसाची गाडी घेऊन कारंज्याला जात. तिथल्या बाजाराच्या गोष्टी ते रंगवून सांगत. त्यांतली एक मात्र त्यांनी स्वतः त्यांच्या वडिलांकडून ऐकलेली होती आणि ती सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. शेतकरी गाडीशी उभा आहे. समोर अडत्या आणि खरीददार. दोघे हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबतात. कोणते बोट म्हणजे किती, हे त्या दोघांनाच ठाऊक. थोड्या वेळाने रुमाल निघतो. अडत्या शेतकऱ्याला म्हणतो, "झाला सौदा." शेतकरी मान हलवतो. मान हलवली म्हणजे संमती झाली.

या पद्धतीला हत्ता म्हणत. देशातल्या अनेक बाजारांत ती रूढ होती. माल शेतकऱ्याचा, घाम शेतकऱ्याचा, आणि भाव ठरताना तो तिथेच उभा. तरीही सौदा त्याच्यापासून लपवलेला. ही गोष्ट मी लहानपणी ऐकली आणि विसरून गेलो. ती पुन्हा आठवली माझ्या आईमुळे.

मागच्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीला स्तनाचा कर्करोग निघाला. आईचे वय ब्याऐंशी. उपचार मार्गी लागेपर्यंत तिला सांगायचे नाही, असे आम्ही भावंडांनी ठरवले. रात्री सगळे झोपले की मी फोनवर या आजाराविषयी वाचत बसे. कोणतेही पान उघडले की खालून एक पाटी वर यायची. आम्ही कुकी वापरतो, आपल्या खासगीपणाची आम्हाला कदर आहे, अशा अर्थाचे काहीतरी. त्याखाली एक मोठे, रंगीत बटण : स्वीकारा. नकाराचे बटण दिसायचे नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'पर्याय' असे लिहिलेले. ते दाबले की इंग्रजीतली लांबलचक यादी. त्या वेळी मला बहिणीच्या औषधांची माहिती हवी होती. मी 'स्वीकारा' दाबत गेलो.

आमच्याकडे फोन एकाचा नसतो, घराचा असतो. दुपारी आई त्यावर नातिया कलाम ऐकते. एके दिवशी तिने फोन माझ्यापुढे धरला. त्यावर डोक्यावर ओढणी घेतलेल्या बाईचे चित्र होते, शेजारी गुलाबी फीत आणि तपासणीची जाहिरात. आईला मराठी वाचता येत नाही, पण चित्र वाचता येते. "ये किसकू हुआ रे?" तिने विचारले. मी काहीतरी उत्तर दिले. तिचा विश्वास बसला नाही, हे मला दिसले. संध्याकाळी तिने एकेका मुलीला फोन लावून घेतला. धाकटीचा आवाज ऐकल्यावर तिने पुढे काही विचारले नाही.

आता कुणी मला विचारील, बटण कोणी दाबले? मीच दाबले. कारंज्याच्या शेतकऱ्यानेही मान स्वतःच हलवली होती.

ही कुकी म्हणजे काय, हे मी नंतर समजून घेतले. आमच्याकडे कुकी म्हणजे नानकटाईची शहरात राहणारी बहीण. संगणकातली कुकी म्हणजे चार ओळींची एक नोंद. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली या तरुण अभियंत्याने ती काढली. हेतू साधा होता. दर्ग्यापाशी चपला ठेवल्या की आपल्याला बिल्ला मिळतो. परत आलो की बिल्ल्यावरून आपल्या चपला सापडतात. तसेच संकेतस्थळाने आपल्याला ओळखावे, टोपलीत ठेवलेली वस्तू टोपलीतच राहावी, एवढ्यासाठी तो बिल्ला. त्यात वाईट काही नाही.

गडबड नंतर झाली. चपलांच्या दुकानात एक तिसराच माणूस येऊन बसला आणि त्याने आपला बिल्ला आपल्या हातात दिला. तोच माणूस औषधाच्या दुकानात, वाचनालयात, सराफाकडेही बसलेला. आपण कुठे कुठे गेलो, कुठे किती वेळ रेंगाळलो, हे त्याच्या वहीत जमा होत गेले. आणि आपण एखादे पान उघडतो, ते डोळ्यांसमोर पुरते येण्याआधी, पापणी लवावी एवढ्या वेळात, या माणसाला जाहिरात कोणी दाखवायची याचा लिलाव होतो. बोली लावणारी यंत्रे, बोली घेणारी यंत्रे. माल आपण. लिलाव चालू असताना आपण तिथेच बसलेले असतो आणि आपल्याला दिसतो फक्त रुमाल. त्या रुमालावर लिहिलेले असते : स्वीकारा.

आता कारंज्याकडे परत येऊ, कारण पुढची गोष्ट तिथेच घडली. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि हैदराबादचा रेसिडेंट तो पाहू लागला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. बाजार फुगले, तशा बाजारातल्या लबाड्याही फुगल्या. वजनात खोट, कडता, धर्मादायाच्या नावाखाली कापून घेतलेला माल, आणि ज्याने शेतकऱ्याचे काम करायचे तो दलाल खरीददाराच्या खिशात. १८८६ मध्ये रेसिडेन्सीच्या हुकमाने कारंजा येथे देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. आज वाशिम जिल्ह्यात असलेल्या या गावाचा तो मान आपल्याकडेही फार कुणाला माहीत नसतो. त्यानंतर १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला.

यामागे शेतकऱ्याचा कळवळा किती होता आणि गिरण्यांना चांगला, भरवशाचा कापूस हवा होता हे किती, याचा हिशेब वाचकांनीच करावा. मला त्या कायद्याची रीत महत्त्वाची वाटते. त्याने शेतकऱ्याला सांगितले नाही, की बाबा रे, सौद्याआधी चाळीस पाने वाच आणि मग मान हलव. त्याने दलालाला आणि मापाऱ्याला परवाना घ्यायला लावला. वजनमापे खरी असावीत, ठरल्याबाहेरची कपात होऊ नये, याची जबाबदारी बाजार समितीवर टाकली. परवाना आला म्हणजे तो काढून घेता येतो. तेवढी भीती बाजाराला पुरते.

अर्थात, रुमाल एका दिवसात गेला नाही. वऱ्हाडच्या त्या पहिल्या समित्यांवर व्यापाऱ्यांचे वजन होते, शेतकऱ्याला तिथे जागा नव्हती. चोराच्याच हातात जामदारखान्याच्या किल्ल्या, असा तो प्रकार. पुढे कायदे बदलत गेले, उघड लिलावाची रीत आली आणि महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्याने बाजार समित्यांवर शेतकरी प्रतिनिधींचे बहुमत झाले. आजही बाजार समित्यांविषयी तक्रारी पुष्कळ आहेत. पण भाव ओरडून सांगितला जातो, फळ्यावर लिहिला जातो. तक्रार करायची तर कचेरीचे दार गावातच असते.

संमतीचा असाच प्रश्न त्याआधी वऱ्हाडाबाहेर, पण मराठी मुलखातच उभा राहिला होता. तिथे मान नव्हे, अंगठा होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. दंगेखोरांचा राग माणसांवर कमी आणि कागदांवर जास्त होता. त्यांनी रोखे आणि वह्या मागितल्या आणि जाळल्या. का? कारण त्या प्रत्येक रोख्यावर त्यांचाच अंगठा होता. कोर्टात सावकार रोखा पुढे करी, न्यायाधीश अंगठा पाही आणि हुकूमनामा देई. अंगठा उठवणाऱ्याला कागदात काय आहे ते कळले होते का, हे विचारण्याची सोयच नव्हती.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी होता. त्यात दोन गोष्टी विलक्षण होत्या. पहिली अशी, की न्यायाधीशाने रोख्यावर थांबायचे नाही, त्याच्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासायचा. दुसरी अशी, की शेतकऱ्याचा रोखा गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिला जाईल. त्याने अटी समजून घ्यायच्या, कागद वाचून दाखवायचा, मग सही किंवा अंगठा. शिवाय सावकाराने पावती द्यायची, हिशेब द्यायचा. सावकारांनी यातूनही वाट काढली. गहाणखताऐवजी ते खरेदीखतच लिहून मागू लागले. पण कायद्याने एक गोष्ट कबूल केली होती : न कळता उठवलेला अंगठा ही संमती नव्हे, आणि ते कळावे याची काळजी बलवानाने घ्यायची आहे, दुबळ्याने नव्हे.

हे वाचताना मला कुराणातली सर्वांत लांब आयत आठवली. ती नमाजाविषयी नाही, रोज्याविषयी नाही. ती कर्जाचा कागद कसा करावा याविषयी आहे. कागद लिहावा, साक्षीदार असावेत, आणि मजकूर सांगावा तो कर्ज घेणाऱ्याने. देणाऱ्याने नव्हे. लहानपणी मौलवीसाहेबांनी हे समजावले तेव्हा त्यातली खोच कळली नव्हती. ज्याच्यावर कागद बंधनकारक होणार, शब्द त्याच्या तोंडचे असावेत. मी दाबलेल्या बटणामागच्या मजकुरात माझ्या तोंडचा एक शब्द नव्हता.

ही पाटी आपल्याकडे आली ती युरोपातून. तिथे २००२ मध्ये एक निर्देश निघाला, २००९ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन कुकीसाठी आधी संमती घ्यावी असे ठरले, आणि २५ मे २०१८ पासून विदासंरक्षणाचा कडक कायदा लागू झाला. हेतू चांगला होता. पण कंपन्यांनी कायद्याचे अक्षर पाळले आणि आत्मा रुमालाखाली घेतला. १ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय न्यायालयाला सांगावे लागले, की चौकटीत आधीच खूण करून ठेवणे म्हणजे संमती नाही. फ्रान्सच्या यंत्रणेने २०२१ च्या अखेरीस गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड केला. कारण एकच : स्वीकारणे एका टिचकीत आणि नाकारणे अनेक टिचक्यांत. दंड झाला, तेव्हा नकाराचे बटण दिसू लागले. म्हणजे ते बटण बनवणे अवघड नव्हते, कुणीतरी हात धरण्याची गरज होती.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये मसुदा दिला. २०१९ मध्ये विधेयक आले, २०२२ मध्ये मागे घेतले गेले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी त्यात आणखी अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली, म्हणजे मे २०२७.

कायदा वाचला तर त्यातली काही वाक्ये सोन्याची आहेत. संमती मुक्त, नेमकी, समजून दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी. गरजेपुरतीच माहिती घ्यावी. डॉक्टरचा सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने फोनमधल्या नावांची यादी मागितली आणि माणसाने हो म्हटले, तरी त्या यादीपुरती ती संमती धरली जाणार नाही, असे उदाहरणच कायद्यात दिले आहे. संमतीची विनंती आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत पाहण्याची सोय हवी, म्हणजे मराठीतही आणि माझ्या आईच्या उर्दूतही. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत.

मग दुखते कुठे? तक्रार आधी त्या कंपनीकडेच करायची. तिथे दाद लागली नाही तर मंडळाकडे जायचे. त्या मंडळाचे सदस्य केंद्र सरकार नेमणार, आणि त्याचे कामकाज होईल तितके ऑनलाइन. म्हणजे ज्या फोनने आपल्याला फसवले, त्याच फोनवरून दाद मागायची. दंड झाला तर तो सरकारच्या तिजोरीत जमा. ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली तर तक्रारदारालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मानोऱ्याचा एखादा शेतमजूर हे वाचून तक्रार करील की फोन खिशात घालील?

सुप्याच्या दंग्यानंतर कागद वाचून दाखवणारा माणूस गावात आणून बसवला गेला. कारंज्याच्या बाजारात दलालाच्या हातात परवाना दिला गेला, तो काढून घेण्यासाठी. दोन्ही व्यवस्था अपुऱ्या होत्या, दोन्हींतून पळवाटा निघाल्या. पण सावध राहण्याचा सगळा भार त्यांनी अंगठ्यावर टाकला नाही. आज तो टाकला जातो आहे. वाचले नाहीत, ही तुमची चूक. बटण दाबलेत, ही तुमची संमती.

माझे मागणे मोठे नाही. नकाराचे बटण स्वीकाराच्या बटणाएवढेच मोठे आणि त्याच्या शेजारी असावे. मजकूर चार ओळींचा आणि आपल्या भाषेत असावा. आजाराविषयी वाचणाऱ्याच्या मागे लिलाववाले लागू नयेत, मग त्याने कोणतेही बटण दाबलेले असो. आणि हे पाळले जाते की नाही हे पाहणारा कुणीतरी बाजारात उभा असावा, तक्रार येण्याची वाट पाहत बसलेला नव्हे, तर स्वतः वजने तपासत फिरणारा.

बहिणीचे उपचार चालू आहेत, बरे आहे. आई आता सगळे जाणते. एकदा मी तिला म्हणालो, की तुला आम्ही सांगणारच होतो. ती म्हणाली, "तुम बोलते तो अच्छा लगता." तुम्ही सांगितले असते तर बरे वाटले असते. तिला जे आमच्या तोंडून कळायचे, ते एका जाहिरातीकडून कळले. त्या सौद्यात कुणाला किती पैसे मिळाले, हे मला कधीच कळणार नाही. रुमाल अजून तसाच आहे.