नगरसेवकाच्या नजरेतून शहराची वाढ

महाराष्ट्रात नगरसेवक, हिंदीभाषक राज्यांत पार्षद, तर बंगळुरूत कॉर्पोरेटर या नावाने ओळखला जाणारा महापालिकेचा सदस्य हा नागरिकांना सर्वांत जवळचा लोकप्रतिनिधी होय. नळाला पाणी आले नाही किंवा गटार तुंबले, की लोक प्रथम त्याचेच दार ठोठावतात. मात्र ज्या निर्णयांमुळे शहर वाढते, ते बहुतांशी त्याच्या हाती नसतात. शहराच्या विकासाकडे पाहण्याची त्याची दृष्टी याच विसंगतीतून घडत असते.

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. तिने नागरी स्वराज्य संस्थांना घटनात्मक दर्जा दिला, सभागृहाची मुदत पाच वर्षे ठरविली आणि महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या. बाराव्या अनुसूचीत नगर नियोजनासह १८ विषय नमूद आहेत. परंतु त्यांपैकी कोणते विषय शहरांकडे सोपवावयाचे, हे राज्यांच्या विधिमंडळांवर सोडण्यात आले. अडचणीचे मूळ बहुधा येथेच आहे.

अंमलबजावणीचे अधिकारही सर्वत्र सारखे नाहीत. मुंबईत १८८८ च्या कायद्यानुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात आणि आयुक्तांची नेमणूक राज्य शासन करते. सभागृह ठराव करते, स्थायी समिती खर्चास मंजुरी देते. कोलकात्यात १९८० च्या कायद्याने महापौर परिषदेची पद्धत स्वीकारली. तेथे कार्यकारी जबाबदारी निवडून आलेल्या सदस्यांवर येते. त्यामुळे रस्ता का रखडला, याचे उत्तर कोलकात्याचा मतदार महापौरांकडे मागू शकतो. मुंबईत तोच प्रश्न अधिकाऱ्याच्या टेबलापाशी जाऊन थांबतो.

वाढीचा खरा आराखडा म्हणजे विकास योजना. महाराष्ट्रात ती प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार तयार होते. प्रारूप प्रसिद्ध करणे, हरकती व सूचना मागविणे, त्यांची सुनावणी घेणे आणि सभागृहापुढे ठेवणे हे टप्पे महापालिकेचे. अंतिम मंजुरी शासनाची. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास योजनेचा पहिला मसुदा हजारो हरकतींनंतर एप्रिल २०१५ मध्ये रद्द झाला. सुधारित योजनेस मंजुरी मिळण्यास २०१८ साल उजाडले.

प्रभागाच्या दृष्टीने या योजनेतील कळीचा शब्द आरक्षण हा आहे. उद्यान, शाळा वा दवाखान्यासाठी राखलेला भूखंड १० वर्षांत संपादित झाला नाही, तर जमीनमालक कायद्याच्या कलम १२७ अन्वये नोटीस देऊ शकतो. त्यानंतर विहित मुदतीत महापालिकेने पावले उचलली नाहीत, तर आरक्षण संपुष्टात येते. मोकळी जागा अशी एकदा हातची गेली, की दाट वस्तीत ती परत मिळत नाही. दुसरीकडे चटई क्षेत्र निर्देशांक वाढविण्याचा निर्णय शासन पातळीवर होतो. त्यामुळे जुन्या चाळीच्या जागी उंच इमारत उभी राहते, कुटुंबे वाढतात. जलवाहिनी व मलवाहिनी मात्र पूर्वीच्याच व्यासाच्या राहतात. पाण्याचा दाब कमी झाल्याची तक्रार अर्थातच नगरसेवकाकडे येते.

तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत वॉर्ड समित्या असाव्यात, असे घटनेचे कलम २४३ एस सांगते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी एकेका समितीत बरेच प्रभाग एकत्र बांधले गेल्याने नागरिक तिच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. केरळने १९९६ मध्ये लोकयोजना मोहीम सुरू करून राज्याच्या योजना निधीचा सुमारे ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे वळविला. पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी आपल्या परिसरातील छोटी कामे सुचविता येऊ लागली. पदपथ, बाक, बसथांबे अशीच ही कामे असली, तरी प्राधान्य कशाला द्यावे याची चर्चा त्यामुळे वस्तीत होऊ शकते. महाराष्ट्रात मुंबईबाहेर २०१७ च्या निवडणुकांत चार सदस्यांचे प्रभाग आले, तेव्हा या चर्चेत नेमके कोणाला जाब विचारावयाचा, हाच प्रश्न निर्माण झाला.

याहून गंभीर बाब म्हणजे सभागृहच अस्तित्वात नसणे. चेन्नईत २०१६ ते २०२२ या काळात निवडून आलेले सभागृह नव्हते. बंगळुरूच्या महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. निवडणूक न होताच २०२५ मध्ये तिच्या जागी पाच महापालिका स्थापन करण्यात आल्या. मुंबईच्या २२७ नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढील तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांकडे राहिला. या काळात देशातील सर्वांत मोठ्या महापालिकेचे अंदाजपत्रक आयुक्तांनीच मांडले आणि प्रशासक या नात्याने त्यांनीच मंजूर केले.