मेरुरज्जूचे विद्युत उद्दीपन आणि पायांच्या प्रतिक्षिप्त क्रिया : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
रत्नागिरी जिल्ह्यातील पूर्णगड हे मुचकुंदी नदीच्या मुखाशी वसलेले गाव. आंबा-नारळाच्या या पट्ट्यात झाडावरून पडून पाठीचा कणा मोडल्यास धडधाकट माणसाचे दोन्ही पाय लुळे पडू शकतात. मेंदूशी संबंध तुटला की पायांचे सारेच संपते काय, या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक वाटचाल :
१८७५ मध्ये अर्ब व वेस्टफाल या जर्मन वैद्यांनी गुडघ्याच्या झटक्याचे स्वतंत्रपणे वर्णन केले. १९१० मध्ये पॉल हॉफमन यांनी गुडघ्यामागील चेतेस सौम्य विद्युत धक्का देऊन पोटरीत प्रतिक्षिप्त आकुंचन घडविले. १९११ मध्ये ग्रॅहम ब्राउन यांनी मेंदूशी संबंध तुटलेल्या मांजरांतही मेरुरज्जू पावलांची लय निर्माण करतो, असे दाखविले.

१९६७ मध्ये शीली यांनी मेरुरज्जूवर विद्युतअग्र बसविले, ते वेदनाशमनासाठी. पुढे १९९८ मध्ये दिमित्रिजेविच व सहकाऱ्यांना, मेरुरज्जू पूर्णतः निकामी झालेल्या रुग्णांच्या कमरेच्या भागात उद्दीपन दिल्यावर, पायांत चालण्यासारखी लय आढळली. हा प्रवाह मुख्यतः मागील मुळांतील जाड संवेदी तंतूंना चेतवितो. त्यांच्याद्वारे प्रेरक पेशी जागृत होतात. म्हणूनच लागोपाठ दोन धक्के दिल्यास दुसरा प्रतिसाद क्षीण होतो. प्रतिक्षिप्त क्रियेची ही खूणच होय. २०११ मध्ये हारकेमा यांच्या चमूने एका रुग्णास उद्दीपनाच्या साहाय्याने उभे केले. २०१८ मध्ये काही रुग्ण आधार घेऊन पावले टाकू लागले.

महाराष्ट्राचा संदर्भ :
मुंबईतील हाजी अली येथील भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था १९५५ पासून, तर खडकीचे पक्षाघात पुनर्वसन केंद्र १९७४ पासून कार्यरत आहे. १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे जलतरणात सुवर्णपदक मिळविले. पाय परत न मिळताही आयुष्य उभे राहते, हे त्यांनी सिद्ध केले.

निष्कर्ष :
लुळ्या पायास बसणारा झटका हा बरे होण्याचा पुरावा नव्हे. तो मेरुरज्जूचा खालचा भाग जिवंत असल्याचा पुरावा होय. हा भेद न समजल्यास कुटुंबे विजेच्या कोणत्याही उपचारामागे धावतात आणि पदरी निराशा येते. उद्दीपनाचे यश मोजक्या रुग्णांपुरते व दीर्घ सरावावर अवलंबून आहे. त्यामुळे पूर्णगडसारख्या गावातील जखमीस कणा न हलविता त्वरित रुग्णालयात नेणे आणि पुढे अंगावरील व्रण, मूत्रमार्ग व सांधे यांची निगा राखणे हेच आज अधिक मोलाचे ठरते.