फुलर्टनची जोडी

1951 सालचा नोव्हेंबर. तुम्ही कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात, लिओ फेंडरच्या कारखान्यात उभे आहात. गावाभोवती संत्र्यांच्या बागा. आत लाकडाचा भुसा आणि ओल्या लॅकरचा नाकात चढणारा वास. समोरच्या बाकावर दोन वाद्यं शेजारी ठेवली आहेत.

एक टेलिकास्टर गिटार. हे नाव तिला याच वर्षी मिळालं; आधीचं 'ब्रॉडकास्टर' हे नाव ग्रेच कंपनीच्या ड्रम्सच्या नावाशी भिडलं, म्हणून सोडावं लागलं. दुसरं वाद्य नुकतंच बाजारात आलेलं, प्रिसिजन बेस. दोन्हींना ॲशच्या लाकडाचं सपाट अंग, फिकट पिवळसर रंगाखाली दिसणारे रेषे, काळा पिकगार्ड, चार स्क्रूंनी आवळलेली मेपलची नेक.

आधी टेलिकास्टर घ्या. स्विच मागे ओढा आणि ब्रिजजवळचा पिकअप ऐका. आवाज लख्ख, धारदार, गर्दीतूनही कान गाठणारा. दुसरं बटण फिरवून बघा. ते टोनचं नाही, पुढच्या पिकअपचा आवाज त्यात मिसळण्यासाठी आहे.

आता बेस गळ्यात अडकवा. डावा हात लांबवावा लागतो. गिटारच्या तारेची कंप पावणारी लांबी 25.5 इंच, याची 34. फ्रेटमधलं अंतर वाढलंय, बोटं ताणली जातात. सगळ्यात जाड तार मोकळी छेडा: सेकंदाला साधारण 41 कंपनं, गिटारच्या जाड तारेच्या निम्मी, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. ब्रिजवरच्या चकचकीत झाकणाखाली तारांना दाबणारी मऊ पट्टी आहे, त्यामुळे सूर घुमत राहत नाही. डबल बेससारखा ठोस उमटतो आणि विझतो. तारांच्या खालच्या बाजूला लाकडाचा छोटा तुकडा बसवलाय. त्याला बोटांचा आधार द्यायचा आणि अंगठ्याने वाजवायचं, ही लिओची कल्पना. पुढे बहुतेक बेसवादक बोटांनीच वाजवू लागले.

तोवर बँडमध्ये वापरला जाणारा डबल बेस माणसाहून उंच, गाडीच्या टपावर बांधून न्यावा लागणारा, आणि बँडच्या गदारोळात ऐकू न येणारा. शिवाय त्याला फ्रेट नाहीत, सुराची जागा हातानेच शोधायची. हा बेस खांद्याला लटकतो आणि फ्रेटवर सूर नेमका सापडतो. लायोनेल हॅम्प्टनच्या बँडमधला मंक माँटगोमेरी लवकरच तो घेऊन मंचावर उभा राहील.

मला मात्र या जोडीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते बेसचं वरचं शिंग. टेलिकास्टरला खालच्या बाजूला एकच खाच आहे. बेसची नेक लांब, खुंट्या मोठ्या; तसंच अंग ठेवलं असतं तर डोकं जमिनीकडे झुकलं असतं. म्हणून दोन्ही बाजूंना खाच देऊन वरचं टोक पुढे काढलं, पट्ट्याची गुंडी तिथे नेली आणि तोल साधला. रंगरूप बेसने गिटारकडून घेतलं खरं, पण ही दोन शिंगं 1954 साली स्ट्रॅटोकास्टरवर येतील, आणि पुढच्या कितीतरी गिटारांवर. धाकट्या वाद्याने थोरल्याला दिलेली ही देणगी आहे, आणि ती नुसत्या गरजेतून आली.

आता बेसची केबल गिटारच्या ॲम्प्लिफायरला जोडा आणि आवाज वाढवा. खालच्या सुराला स्पीकर फरफरतो. त्याचा कागदी पडदा एवढी हवा ढकलू शकत नाही. म्हणून पुढच्या वर्षी 15 इंची स्पीकरचा 'बेसमन' ॲम्प्लिफायर येणार आहे.