कल्याण बंदर आणि घाटाची वाट

आसनगाव, शहापूर व मुरबाड हा मुलूख समुद्रापासून दूर असला, तरी येथील भातसा व काळू या नद्यांचे पाणी अखेर उल्हास नदीला मिळते आणि उल्हासच्या खाडीवरील कल्याण हे शतकानुशतके या मुलखाचे बंदर होते. ते खाडीबंदर होते, म्हणजे उघड्या किनाऱ्यावर नसून भरतीचे पाणी आत शिरते तेथे वसलेले. गलबते भरतीबरोबर वर येत व ओहोटीबरोबर उतरत, आणि भरतीची वेळ रोज सुमारे दोन घटका पुढे सरकत असल्याने धक्क्यावरचे काम तिथी पाहून ठरे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात, म्हणजे व्यापारी खलाशांसाठी लिहिलेल्या सागरी वाटाड्यात, कल्याणचा उल्लेख आहे. पूर्वी तेथे रीतसर बाजारपेठ होती, मात्र पुढे तेथे चुकून येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तो सांगतो. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांतही कल्याणचे दाते भेटतात.

तथापि बंदराचे खरे बळ खाडीत नव्हे, घाटात होते. जुन्नरहून नाणेघाट उतरून मुरबाडमार्गे आणि नाशिकहून थळघाट उतरून शहापूरमार्गे येणाऱ्या वाटा कल्याणास मिळत. नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे परंपरा सांगते. तेथील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, तो मात्र जकातीचा नव्हे, यज्ञांचा व दक्षिणांचा हिशेब देतो. या वाटांवर लमाण व वंजारी बैलांचे तांडे हाकीत. बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या गोणीतून कोकणचे मीठ देशावर चढे आणि देशावरचे धान्य खाली येई. पावसाळ्यात समुद्र बंद व घाट निसरडा, त्यामुळे हंगाम आठ महिन्यांचाच उरे. शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण-भिवंडी जिंकून खाडीवर आरमार उभारण्यास आरंभ केला, त्यामागे जहाजांस उपयोगी लाकडाचे रान पाठीशी असणे हेही एक कारण असावे.

1854 मध्ये लोहमार्ग कल्याणास आला, 1855 मध्ये वासिंदपर्यंत पोचला आणि 1860 च्या फेब्रुवारीत आसनगावापर्यंत गेला. पुढचा कसाऱ्यापर्यंतचा टप्पा 1861 च्या जानेवारीत खुला होईतो, म्हणजे सुमारे अकरा महिने, मुंबईहून निघालेली आगगाडी आसनगावाशी थांबे, आणि घाट चढणाऱ्या मालाचा बैलावर जाण्याचा पालट, जो पूर्वी गलबताच्या काठाशी होई, तो आता भाताच्या खाचरांशेजारी होऊ लागला.